पाचवं पोतं, सहावं पोतं

मुकुंदा,

तू गेल्याचं मला आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वर कुणाची तरी अळूवड्यांची ऑर्डर, खाली तुझा फोटो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी माझ्या खडी-वाळूच्या यार्डात एका लँडस्केपिंगवाल्याशी खडीच्या भावावरून हुज्जत घालत उभा होतो. फोटो पाहिला आणि तो म्हणेल त्या भावाला हो म्हणून टाकलं. त्याला वाटलं असेल, म्हातारा आता संपला.

चाळीस वर्षांची ओळख, आणि बातमी अळूवड्यांखाली. याचा मला राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये एवढं मलाही कळतं. पण तू जिवंत असताना अकरा वर्षं मी तुझ्यावर रागावून काढली. ती सवय एका आठवड्यात कशी जाणार?

चौथ्या दिवशी वॉटर्लूला तुझ्या घरी आलो. वहिनींनी दार उघडलं. बूट काढायच्या आधीच मी विचारलं, "वहिनी, त्याच्या आजाराचं मला का नाही कळवलंत?"

त्यांनी माझ्या हातातली फळं घेतली, "आत तर या आधी," म्हणाल्या आणि चहा ठेवला. मग गॅसकडे बघतच बोलल्या, "तीनदा फोन हातात घेतला होता, दत्ताभाऊजी. हेच नको म्हणाले. म्हणाले, दत्त्याला सांगशील तर तो येईल आणि डॉक्टरशी घासाघीस करत बसेल. ते सहा महिने म्हणाले तर हा वर्ष मागेल."

मी हसलो. वहिनीही हसल्या. मग दोघांनाही पुढे हसता येईना.

मागितलं असतं रे. वर्ष काय, दोन वर्षं मागितली असती आणि दीडवर तोडलं असतं.

चहा घेताना वहिनी म्हणाल्या की मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार पानं आहेत. पदव्या, पुरस्कार, जीवाश्मशास्त्रातलं योगदान, ते सगळं मंडळाचे जोशी लिहिणार आहेत. "तुम्ही काहीतरी खरं लिहा," म्हणाल्या. मी कप खाली ठेवला. आपण काय मागतोय हे त्या बाईला माहीत नव्हतं. माझ्या यार्डातल्या त्या बारा पोत्यांचं काय झालं, हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं होतं. म्हणून हे अंकासाठी लिहितोय. जोशींची पानं तू वाचली नाहीस तरी चालेल. हे तुला उद्देशून आहे.

एटोबिकोतल्या त्या बेसमेंटपासून सुरू करतो. आपण दोघंही कॅनडात नवे. तू नागपूरचा, पीएचडी करायला आलेला. मी इचलकरंजीचा, डिप्लोमाला दोनदा आपटलेला, दुसऱ्याच्या यार्डात फावडं मारणारा. बेसमेंटात टेबल एकच, आणि त्यावर कायम तुझा मायक्रोस्कोप. मी ताट मांडीवर घेऊन जेवायचो आणि तू वाळू निवडायचास. ओल्या ब्रशच्या टोकावर एकेक कण उचलायचा, बघायचा, बाजूला सारायचा. पोह्यांच्या ताटल्याही तू वाळूसाठी पळवल्या होत्यास. पहिले आठ दिवस मी गप्प बसलो. नवव्या दिवशी विचारलं, "काय शोधतोयस? सोनं?"

"दात पाहून राहिलो."

"कुणाचे?"

"पिशवीवाल्या प्राण्यांचे. शिशुधान म्हणतात. कांगारूचे चुलत चुलत आजोबा समज."

"कांगारू ऑस्ट्रेलियात असतात, लेका. विमान चुकलास."

तू मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता म्हणालास, "त्यांचं खानदान इथलं आहे, बाप्पा. डायनोसॉर होते तेव्हा हे इथं, पश्चिमेकडे अल्बर्टात फिरून राहिले होते. कोणी उंदराएवढा, कोणी मांजराएवढा. मग दक्षिणेकडे उतरले, अंटार्क्टिकातून पार ऑस्ट्रेलियात पोचले. तेव्हा तिकडे बर्फ नव्हता."

"म्हणजे ते शहाणे इथून निघून गेले, आणि आपण दोघं दीडशहाणे इथं आलो."

"तेव्हा इथंही थंडी नव्हती बे," असं म्हणून तू पुढचा कण उचललास.

मी तसा सहज पटणारा माणूस नाही. पिशवी दिसली का तुला, म्हणून मी दोन दिवस तुझ्यामागे लागलो. तू सांगितलंस की पिशवी मऊ असते, ती दगडात उरत नाही. उरतात ते दात. आणि दातांवरून घराणं ओळखता येतं. जबड्यात मागच्या दाढा चार असल्या तर हे लोक, तीन असल्या तर आपल्याकडचे. मी वॉशरूममध्ये आरशासमोर उभा राहून बोट घालून मोजल्या. तीन निघाल्या. बरं वाटलं.

पण मला धरून ठेवलं ते दातांनी नाही. तू एका ताटलीतून आख्खं गाव उभं करायचास. हा माशाचा खवला, म्हणजे पाणी होतं. ही कासवाच्या पाठीची कपची. हा मगरीचा दात, म्हणजे हिवाळा कडक नव्हता. हा आपला शिशुधान, याची दाढ रुंद आणि जाड, कठीण कवचं फोडून खाणारा. हा दुसरा किडे खाणारा. आणि ही दाढ बघ, किती झिजली आहे, म्हातारा होऊन मेला बिचारा. ज्या गावाला कुणी नाव ठेवलं नाही, तिथल्या एकेका शेजाऱ्याची तू चौकशी करायचास. मी दिवसभर फावडं मारून यायचो, अंग ठणकत असायचं, तरी ते ऐकल्याशिवाय झोपत नव्हतो. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटत असेल मी बेसमेंटात दुसरी करमणूक नव्हती म्हणून ऐकायचो.

पुढे मी यार्ड घेतलं, तू प्राध्यापक झालास. तुझ्या अल्बर्टाच्या चिखलाने विद्यापीठातले सिंक तुंबायला लागले तेव्हा तू मला फोन केलास. "दत्त्या, तुझ्याकडे पाणी आहे, जागा आहे आणि चहा आहे." मग दर उन्हाळ्यात पोती माझ्याकडे यायची. अल्बर्टाहून रिकामा परतणारा ट्रक गाठायचं काम माझं. तुझे विद्यार्थी पोत्यातली माती पाण्यात भिजवायचे, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायचे, उरलेला गाळ ताडपत्रीवर वाळवायचे. त्या वाळलेल्या गाळात तुझे दात. मी त्या पोरांवर ओरडायचो, नळी नीट गुंडाळा म्हणून. तू हसायचास आणि स्वतः नळी गुंडाळायचास, तीही चुकीची.

त्याच दिवसांतला एक मार्च महिना आठवतो. मिठाच्या शेडमागे मला एक ऑपॉसम दिसलं, मांजराएवढं, लांब तोंडाचं जनावर. कचऱ्याचे ड्रम हेच उलटे करत होतं, म्हणून मी फावडं घेऊन धावलो. तू नेमका गाडीतून उतरत होतास. "अरे थांब बे!" म्हणून असा ओरडलास की फावडं माझ्या हातातून पडलं. आणि तू, टेन्युअर मिळालेला, नोकरी पक्की झालेला प्राध्यापक, बर्फात गुडघ्यांवर बसलास. त्या जनावराच्या कानांच्या कडा थंडीने काळ्या पडल्या होत्या, शेपटीचं टोक झडलं होतं.

"हा आपलाच आहे," तू हळूच म्हणालास. "शिशुधान. कॅनडात एवढा एकच उरलाय. खालून वर सरकत येतो. कान गोठतात, शेपूट गोठते, तरी येतो."

"तुझा पाहुणा आहे काय?"

"तुझा. गरम गावाचा आणि हट्टी."

त्याला धरायला पिंजरा मागवला होता तो मी परत केला. तू निघून गेल्यावर केला, तुझ्यासमोर नाही.

आता पोत्यांवर येतो.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात तू बारा पोती पाठवलीस. एकाच टेकडीच्या उतारावरची, पण दोन थरांची. खालच्या थरात कधीकाळी तळं होतं, वरच्या थरात नदी. मध्ये लाखो वर्षं. एक ते आठ तळ्याची, नऊ ते बारा नदीची. तुला शोधायचं होतं की तुझे शिशुधान त्या तळ्याकाठी राहत होते की नाही, आणि राहत असतील तर कुणाच्या शेजारी. म्हणून कुठली माती कुठल्या थरातली, यावर सगळं होतं. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला एक चिठ्ठी बांधलेली, एक आत टाकलेली. "चिठ्ठी हलली तर माझे हात बांधले गेले समज," असं तू मला किमान दहा वेळा सांगितलं होतंस. मी दहाही वेळा "हो रे" म्हणालो होतो.

आता माझ्या यार्डाचा नियम ऐक. शनिवारी बंद करताना अर्धवट पोतं उभं ठेवायचं नाही. अर्धं अर्ध्यात ओतायचं, तोंड शिवायचं, बारदान फेकायचं. कामाला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात मला हे मालकाने शिकवलं आणि पुढे मी ते सगळ्यांना शिकवलं. अर्धं पोतं दिसलं की माझे हात आपोआप पुढे जातात. तुझी चार पोती धुवून धुवून अर्धी झाली होती आणि तू तेव्हा कॉन्फरन्सला गेला होतास. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाचा ट्रक त्या वर्षी लवकर आला. भिंत मोकळी हवी होती. मी चारांची दोन केली.

एवढंच. पाच मिनिटांचं काम. शिवताना मला वाटत होतं की तुझ्यावर उपकार करतोय.

वसंतात तू आलास, मोजलीस, दहा निघाली. "अकरा आणि बारा कुठे रे?"

तेव्हा तोंडातून खरं निघायला हवं होतं. निघालं ते असं: "बर्फ सारताना स्नोप्लाऊने फोडली. बर्फ वितळलं तशी वाहून गेली."

"असं होतं," तू म्हणालास आणि दहा पोती घेऊन गेलास.

दोन महिन्यांनी परत आलास, शनिवारी भर गर्दीत. हातात प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात दोन चिठ्ठ्या. "दत्त्या, तिसऱ्या पोत्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या. तीनची आणि अकराची."

मी पावतीपुस्तकातून मान वर काढली नाही.

"मी भांडायला नाही आलो," तू म्हणालास. "पाचव्या पोत्यातून जबडा निघालाय. तुकडाच आहे, पण चारी दाढा जागच्या जागी. एवढा चांगला मला अख्ख्या आयुष्यात मिळाला नव्हता. पाचवं पोतं तळ्याचंच असेल तर जबडा तळ्याचा. पण त्यात नदीचं काही पडलं असेल तर मला काहीच म्हणता येणार नाही. बाराव्याची चिठ्ठी कुठेच नाही. तू फक्त सांग, कशात काय टाकलं? हो म्हण, नाही म्हण, आठवत नाही म्हण. काहीही चालेल."

तुझ्या आवाजात राग नव्हता, त्यानेच माझं डोकं फिरलं. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांतली दोन गुजराती. त्यांना आपलं मराठी अर्धं तरी कळत होतं. मी ओरडलो, "मी मालात भेसळ करतो म्हणायचंय काय तुला? या गावात विचार जाऊन! तुझ्या पोरांनी तिकडे अल्बर्टातच घोळ घातला असेल. माझ्या यार्डात एक खडा इकडचा तिकडे होत नाही!"

तू चिठ्ठ्या पाकिटात सरकवल्यास. पाकिटाची कड दोनदा दाबून बंद केलीस. म्हणालास, "बरं."

आणि चहा न घेता गेलास.

मुकुंदा, माझा राग त्या "बरं"वर आहे. माझ्या धंद्यात माणूस खोटं बोलतो तेव्हा समोरच्याने आवाज चढवायचा असतो. मग हा चढवतो, तो चढवतो, एकजण दारापर्यंत जातो, दुसरा त्याला हाक मारतो, आणि दोघं मध्ये कुठेतरी येऊन थांबतात. मी तुला खोटा भाव सांगितला होता. तू मला खाली ओढायचं होतंस. दारापर्यंत जाऊन परत फिरायचं होतंस. मी हाक मारायला तयार उभा होतो रे. तू पहिल्याच भावाला हो म्हणालास आणि निघून गेलास. तिथून मी खाली कसा उतरणार?

मी काहीच सांगितलं नाही, म्हणून तू दहाच्या दहा पोती बाजूला ठेवलीस. एकावरही विश्वास ठेवता येईना. हे मला दीड वर्षाने कळलं, लायब्ररीत तुझं भाषण झालं तेव्हा. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. कुणीतरी विचारलं की हे प्राणी पाण्याकाठी राहत असतील का. तू माझ्याकडे पाहिलंस. नजर चुकवली नाहीस, रोखलीही नाहीस. मग म्हणालास, "त्याबद्दल माझ्याकडे नमुने आहेत, पण मला त्यांची खात्री नाही. म्हणून मी त्यावर बोलत नाही." पुढचा प्रश्न घेतलास. माझं नाव घेऊ शकला असतास. सभागृहात अर्धं मंडळ होतं. तू घेतलं नाहीस. मी समोसे यायच्या आत बाहेर पडलो, आणि गाडीत बसून त्याचाही राग धरला.

माझ्या बायपासच्या वेळी तू हॉस्पिटलात आलास. व्हिटबीहून माझी मुलगी आली होती, तिला घरी पाठवलंस आणि तासभर खुर्चीत बसून राहिलास. मी डोळे मिटून पडलो होतो. मी झोपलोय असं समजून तू नर्सला ऑपॉसमबद्दल सांगत होतास. पोत्यांचा विषय काढला नाहीस. मी जागा होतो, मुकुंदा. सगळा वेळ. एकदा तू माझं पांघरूण सारखं केलंस, तेव्हा सांगून टाकावं असं अगदी घशापर्यंत आलं होतं. पण मी विचार केला, बरा झाल्यावर सांगू. अंगात जोर असला की नीट सांगता येईल. बरा झालो आणि नीट विसरलो.

तर चौथ्या दिवशी तुझ्या घरी. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "खाली हॅना आलीय, ह्यांची खोकी लावते आहे." हॅना म्हणजे तुझी ती उंच विद्यार्थिनी, जिच्यावर मी नळीवरून सगळ्यांत जास्त ओरडलो असेन. आता ती स्वतः प्राध्यापक आहे, चष्मा लावते. मला बघून उठली आणि इंग्रजीतून म्हणाली, "दत्ता! मी अजून नळी तुम्ही शिकवलीत तशीच गुंडाळते."

जमिनीवर एक खोकं होतं. आत काचेच्या बारीक कुप्या, प्रत्येकीवर पोत्याचा नंबर. झाकणावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, वापरू नये.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"खोली या महिन्यात रिकामी करायची आहे. ज्यांच्या जागेची खात्री नाही ते शाळांना देऊन टाकायचं ठरलंय. मुलांना हातात घेऊन बघता येईल. दुसरा काही उपयोग नाही."

मी बेसमेंटच्या जिन्यावर बसलो. तुझे दात. चौथीतली पोरं हातात घेणार, हरवणार, एखादं तोंडात घालणार. आणि झाकणावर तुझं अक्षर.

मी सांगितलं. माझ्या इंग्रजीत, सगळं सांगितलं. शनिवारचा नियम, मीठ, चारांची दोन, स्नोप्लाऊ नव्हताच हे, काउंटरवरचं ओरडणं. सांगताना मधेच कळलं की वहिनी जिन्याच्या वर उभ्या आहेत. थांबावंसं वाटलं. थांबलो नाही.

हॅना रागावली नाही. तिने वही काढली, पेन्सिल काढली आणि अगदी तुझ्यासारखं एकेक विचारायला लागली.

"एक नंबर?"

"एक, दोन आणि चार मागच्या लाकडी पॅलेटवर होते, त्यांच्यापुढे आधीचं मीठ रचलेलं. हात लावला नाही."

"तीन?"

"तिसऱ्यात अकरावं ओतलं. हे नक्की."

"सात ते दहा?"

"दाराच्या त्या बाजूला. तिकडची जागा मला नकोच होती. नक्की."

"बारावं कशात गेलं?"

पाचवं आणि सहावं पोतं शेजारी शेजारी होतं. मी बारावं उचललं, त्याचं तोंड फाटलेलं होतं, आणि उजव्या हाताच्या पोत्यात ओतलं. हे मला स्वच्छ दिसतं. पण मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो की यार्डाकडे, हे दिसत नाही. भिंतीकडे असेन तर उजवीकडे सहावं. यार्डाकडे असेन तर पाचवं.

हॅनाने पेन्सिल खाली ठेवली. खोक्यातून एक कुपी काढून माझ्या हातावर ठेवली. अकरा वर्षं ज्याच्यावरून मी तुझ्याशी बोललो नाही, तो जबडा मी पहिल्यांदा पाहिला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. चार दाढा, एकीमागे एक, तपकिरी, चकचकीत. मी चष्मा वर करून मोजल्या.

समोरच्याला काय हवंय, हे मला त्याने तोंड उघडायच्या आत कळतं. माझं घर त्यावर उभं आहे. हॅनाला सहावं हवं होतं. मलाही तेच हवं होतं. "सहाव्यात" एवढं म्हटलं की पाचवं स्वच्छ, जबडा तळ्याचा, आणि तुझ्या नावावर तुझं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम. बारदान कचऱ्यात गेलेलं, चिठ्ठी गेलेली, तू गेलेला. कुणी तपासू शकलं नसतं. आणि मुकुंदा, मी तो शब्द उच्चारायला तोंड उघडलंही होतं.

"आठवत नाही," मी म्हणालो. "पाच किंवा सहा. दोघांपैकी एक. कुठलं ते मला सांगता येत नाही."

हॅनाने पेन्सिल पुन्हा उचलली. मग तिने पाच आणि सहापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वही माझ्याकडे फिरवली. नाव लिहा, सही करा. कोणी सांगितलं आणि किती वर्षांनी सांगितलं, हे ती नोंदीत जसंच्या तसं लिहिणार आहे. वाचणाऱ्याला किती विश्वास ठेवायचा ते तो ठरवेल. मी पूर्ण नाव लिहिलं, यार्डाचं नावही लिहिलं. यार्डाचं तिने मागितलं नव्हतं.

"मग तळ्याचं काही होईल का?" मी विचारलं.

"सात पोती बाहेर काढता येतील. पाच तळ्याची... नाही, थांबा." तिने बोटांवर मोजलं. "एक, दोन, चार, सात, आठ. हो, पाच तळ्याची, दोन नदीची. दोन्ही गावं वेगवेगळी मांडता येतील. त्यातही सुटे दात आहेतच. बरंच काही सांगता येईल. फक्त जबडा धरता येणार नाही."

वहिनी जिना उतरून खाली आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या माझ्या शेजारच्या पायरीवर बसल्या. "ह्यांना माहीत होतं," म्हणाल्या. "मला एकदा म्हणाले होते, दत्त्यानं अर्धी पोती भरून टाकली असतील, त्याला अर्धं बघवत नाही."

"मग परत विचारलं का नाही?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, एकदा विचारलंय."

तू सगळं ओळखलं होतंस आणि तरी स्वतःच्या अंदाजावर एक दात उचलला नाहीस. माझ्या तोंडून यायला हवं होतं, म्हणून थांबलास. अकरा वर्षं. मला राग येतोय पुन्हा. एक फोन करायचास. दारात येऊन शिवी द्यायचीस, नागपुरी, ठेवणीतली. मी उलटी दिली असती आणि मग सांगितलं असतं. आणि मीही फोन करू शकलो असतो, हे मला कळतं, वहिनींनी ते बोलूनही दाखवलं नाही.

हॅनाने सात पोत्यांच्या कुप्या नव्या खोक्यात भरल्या आणि वर नुसते नंबर लिहिले. जुन्या खोक्यात तीन, पाच आणि सहा राहिले. ते शाळांना जाणार नाहीत, एवढं मी तिच्याकडून पक्कं करून घेतलं. त्या बाबतीत मात्र जुना दत्त्या झालो आणि ती कंटाळून हो म्हणाली. जबड्याची कुपी मी माझ्या हाताने जुन्या खोक्यात ठेवली. तुझ्या अक्षराचं झाकण वर लावलं.

तुला ती सात पोती परत केली, मुकुंदा. उशिरा केली, त्याबद्दल माफी मागतो, इथे, सगळ्यांसमोर, कारण ओरडलोही सगळ्यांसमोर होतो. जबडाही देता आला असता. एका शब्दाचं काम होतं. पण तू तो घेतला नसतास.